अपघातग्रस्ताला मदत केली तर पोलीस मागे लागतात का? कायदा काय सांगतो, वाचा

नागपूर : ९ ऑगस्ट २०२५, रक्षाबंधनाचा दिवस. नागपूर-जबलपूर महामार्गावर देवलापार परिसरात ट्रकच्या धडकेत दुचाकीवरील महिलेचा मृत्यू झाला. ट्रक पळाला. पतीने जाणाऱ्या-येणाऱ्यांना हात जोडले, कुणीच थांबले नाही. शेवटी पत्नीचा मृतदेह दुचाकीला बांधून तो घराकडे निघाला. तो व्हिडिओ अनेकांनी पाहिला असेल.

लोक का थांबत नाहीत? पोलीस, साक्ष, कोर्टाच्या चकरा यांची भीती. कायद्यात मात्र या भीतीला आता जागा नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १३४-अ आले. चांगल्या हेतूने मदत करताना जखमी दगावला, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. २०२० च्या नियमांनुसार पोलीस त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत. साक्षीदार व्हायचे की नाही, हेही त्यानेच ठरवायचे.

आधी काय कराल?

आपली गाडी सुरक्षित जागी लावून इंडिकेटर सुरू ठेवा. ११२ किंवा १०८ वर फोन करा, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. ‘ढाब्याच्या थोडं पुढे’ एवढ्यावर अॅम्ब्युलन्स शोधतच राहते. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा. मान-पाठ हलवू नका आणि पाणी पाजू नका. आपल्याकडे पहिली बाटलीच पुढे येते!

वाहन पळाले तर रंग, दिशा, वेळ लक्षात ठेवा. देवलापारच्या प्रकरणात पतीला ट्रकचा नंबर सांगता आला नव्हता. तरीही नागपूर ग्रामीण पोलिसांनी सीसीटीव्ही फुटेज एआयच्या मदतीने तपासून ३६ तासांत ट्रक शोधला.

धडक तुमच्याच गाडीची असेल तर?

जखमीला उपचार मिळवून देणे चालकावर बंधनकारक आहे (कलम १३४). जमावाच्या रोषामुळे ते शक्य नसेल, तर कायदा सूट देतो. पोलिसांना कळवण्यातून मात्र सुटका नाही. घटनास्थळी पोलीस नसतील तर लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, जवळच्या ठाण्यात माहिती द्या. विमा कंपनीलाही कळवा.

खर्चाचे काय?

मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना लागू आहे. योजनेतील रुग्णालयात अपघातापासून ७ दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार होतात. धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये भरपाई मिळते. त्यासाठी अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा. वाहन सापडले, तर दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो.