साडेतीन लाखांतला एक घनमीटर

दक्षिण स्वीडनमधला हालांडसोसचा रेल्वे बोगदा ८.७ किलोमीटरचा. काम १९९२ साली सुरू झालं, गाड्या धावू लागल्या डिसेंबर २०१५ मध्ये. मधल्या तेवीस वर्षांत कुजून मातीच झालेला खडक लागला, पाण्याचे लोंढे लागले. गळती बुजवायला खडकात भरलेलं विषारी रसायन १९९७ मध्ये ओढ्यात उतरलं, गुरं आजारी पडली आणि काम बंद पडलं.

खोदण्याआधी बोअर घेऊन बघता येत नाही का? घेतात की. पण हिशोब मांडून पाहा. तिथल्या खोदयंत्राचा व्यास १०.६ मीटर. सगळा बोगदा तेवढाच धरला, तर एका नळीसाठी साडेसात लाख घनमीटरांहून जास्त खडक काढायचा. दर शंभर मीटरला एक बोअर आणि साडेपाच सेंटिमीटर जाडीचा गाभा धरला, तर त्या खडकापैकी आधी हातात येतो जेमतेम २.२ घनमीटर. साडेतीन लाखांत एक! बाकी सगळा अंदाज.

या उरलेल्या खडकाचा ठाव विजेने घेता येतो. जमिनीत चार सळया ठोकायच्या, दोन सळयांतून प्रवाह सोडायचा, उरलेल्या दोन सळयांमध्ये व्होल्टेज मोजायचं. त्यावरून रोधकता, म्हणजे जमीन विजेला किती अडवते ते, निघते. तिचा पल्ला अफाट आहे: तांबं आणि क्वार्ट्झ यांच्यातली तफावत एकावर बावीस शून्यांपर्यंत जाते. बोगद्याच्या कामाला त्यातला छोटा तुकडा पुरतो. समुद्राचं पाणी ०.२ ओहम-मीटर, चिकणमाती काही दहा, धड ग्रॅनाइट हजारोंच्या घरात.

हल्ली एका केबलला ४८ सळया जोडतात. त्यांतून चार निवडायचे प्रकार १,९४,५८०. प्रत्येक चौकडीच्या जोड्या तीन तऱ्हांनी लागतात, म्हणजे ५,८३,७४० मापनं शक्य! त्यातली निवडक काहीशे यंत्र आपणच घेतं आणि संगणक जमिनीचा उभा छेद काढतो. अडचण खोलीची. पाच मीटर अंतराने ठोकलेल्या ४८ सळयांची ओळ २३५ मीटरची, तिला दिसतं साधारण चाळीस मीटर खोल. किलोमीटरभर खोल बघायचं तर सहा किलोमीटर केबल डोंगरदऱ्यांतून ओढावी लागेल.

शिवाय तीस ओहम-मीटर हा आकडा आला, तर ती चिकणमाती की पाण्याने भरलेली भेग, हे वीज सांगत नाही. दोन्ही धोक्याच्या, उपाय वेगळे. म्हणून नेमका तिथे बोअर घ्यायचा. माझ्या मते या तपासणीचं खरं मोल यातच आहे: साडेतीन लाखांतला तो एक घनमीटर कुठून काढायचा, हे तिच्यामुळे कळतं.

लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी हालांडसोसच्या डोंगरमाथ्यावरून विजेने काढलेला छेद पुढे प्रत्यक्ष बोगद्यातल्या नोंदींशी ताडून पाहिला आणि निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध केले. खडक जिथे बदलला, तिथे बहुतेक ठिकाणी रोधकताही बदललेली होती. कमी रोधकतेच्या पट्ट्यांत कुजका खडक आणि बरेचदा गळती. जास्त रोधकतेच्या पट्ट्यांत धड नाइस खडक, पाणी नाममात्र.