पोर्टल बांधणाऱ्याची कामाची जागा

सातबाराचा उतारा पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात असे आणि तो मिळवायला चार खेपा घालाव्या लागत. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा संगणकावरून मिळू लागला. पुढे १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंदही शेतकरी आपल्या मोबाइलवरून करू लागला. उत्पन्नाचा दाखला 'आपले सरकार'वर, शाळेतील मुलांची माहिती 'यूडायस प्लस'वर. गुरुजींच्या टेबलावरची रजिस्टरे कमी झाली असे नाही, पण त्यांच्या शेजारी संगणक येऊन बसला हे खरे.

अशा ठिकाणाला पोर्टल म्हणतात. साधे संकेतस्थळ म्हणजे भिंतीवरचा सूचनाफलक. येणाऱ्याने वाचावे व जावे. पोर्टल हे तहसील कचेरीसारखे असते. दार एक, आत टेबले अनेक, आणि आलेला माणूस कोण हे ओळखून त्याला त्याचे टेबल दाखवले जाते. शेतकऱ्याला त्याचा गट नंबर दिसतो, मुख्याध्यापकांना त्यांची शाळा, अधिकाऱ्याला मंजुरीसाठी पडून असलेले अर्ज.

आज मला सांगावयाचे आहे ते पोर्टल जिथे घडते त्या जागेविषयी. याचे कारण असे, की आपल्याकडच्या शिक्षण संस्था, पतपेढ्या, दूध संघही आता स्वतःची पोर्टले करवून घेतात. काम घेणारा पहिल्याच बैठकीत एक रंगीत पान दाखवतो आणि संचालक मंडळ खूश होते. त्या रंगीत पानाने भुलू नये. आधी विचारावे, "भाऊ, तुझी कामाची जागा कुठे आहे, आणि ती कशी मांडली आहेस?"

जळगावकडच्या श्रोत्यांना हे केळीवरून लगेच समजेल. टिश्यू कल्चरचे रोप प्रयोगशाळेच्या बाटलीतून काढून थेट रावेरच्या उन्हात कोणी लावीत नाही. आधी ते हरितगृहात जाते, तेथे दमट हवेत त्याला मुळे धरू देतात. मग काही आठवडे शेडनेटखाली. पान कणखर झाले म्हणजे मगच शेत. याला हार्डनिंग म्हणतात. रोप तेच राहते. जागा बदलते, आणि प्रत्येक जागेचे ऊन-पाणी निराळे.

पोर्टलही असेच चार जागी वाढते. प्रोग्रामरच्या स्वतःच्या यंत्रावर ते जन्मते. मग सगळ्या गटाच्या सामायिक यंत्रावर येते. तिसऱ्या जागी ते प्रत्यक्ष वापरणारे लोक, म्हणजे एखादे गुरुजी, एखादा कारकून, चाचपून पाहतात. चौथी जागा म्हणजे चालू पोर्टल. पहिल्या तीन जागा चुका करण्यासाठीच ठेवलेल्या असतात. चौथीत मात्र माणूस उभा असतो. समजा, शिष्यवृत्तीची मुदत उद्या संपणार आहे. साक्रीकडचा एक पालक रोज बुडवून मुलीसह सेवा केंद्रात आला आहे, आणि नेमके त्याच वेळी कोणी चालू पोर्टलवरच "एक छोटासा बदल" करून बसला. पान कोरे पडले. बदल दहा मिनिटांत मागे घेताही येईल, पण परतीची एसटी दहा मिनिटे थांबत नाही.

आता ही जागा मांडतात कशी ते पाहू. उदाहरणादाखल लाइफरे ही प्रणाली घेऊ. सेवाभावी संस्थांना पोर्टल परवडावे या हेतूने ब्रायन चॅन या प्रोग्रामरने ती २००० साली सुरू केली. तिच्यात कामाची जागा मांडण्याची एक ठरावीक रीत आहे, तिला वर्कस्पेस म्हणतात.

प्रथम यंत्र. आठ जीबी स्मृतीचे यंत्र घाट चढणाऱ्या बैलासारखे कुथते, सोळाचे असावे. त्यावर जावा बसवावी, आणि येथेच पहिली मेख आहे. पोर्टलच्या कोणत्या आवृत्तीला जावाची कोणती आवृत्ती चालते हे त्याच्या कागदपत्रांत लिहिलेले असते. गटातल्या सर्वांनी तीच घ्यावी. एकाने ११ आणि दुसऱ्याने २१ बसवली की "माझ्याकडे चालते, तुझ्याकडे का नाही?" हा वाद आठवडाभर पुरतो. नंतर 'ब्लेड' नावाच्या छोट्या हत्याराला आज्ञा दिली म्हणजे वर्कस्पेसचे फोल्डर तयार होते. त्यात आपण लिहिलेल्या भागांसाठी 'मॉड्यूल्स', रंगरूपासाठी 'थीम्स' आणि जुळणीसाठी 'कॉन्फिग्ज' असे कप्पे असतात. एका साध्या फाइलीत पोर्टलची नेमकी आवृत्ती लिहून ठेवायची. पुढची आज्ञा दिली की तीच आवृत्ती इंटरनेटवरून उतरते आणि टॉमकॅट नावाच्या सर्व्हरसह 'बंडल्स' या फोल्डरात उभी राहते. ही उतरवण जड असते. वीज आणि जोडणी दोन्ही भरवशाची असतील तेव्हाच करावी.

मग ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट' आणि ८०८० हा क्रमांक टाकावा. लोकलहोस्ट म्हणजे आपल्याच घराचा पत्ता. त्यावर टाकलेले पत्र शेजाऱ्याकडेही जात नाही. पहिल्या वेळी पोर्टल उठायला बरीच मिनिटे घेते. बंद पडले असे समजून घाईने यंत्र बंद करू नये.

आणखी एक. लाइफरेच्या पोटात आल्या आल्या एक लहानसा डेटाबेस असतो, तो केवळ दाखवण्यापुरता. खऱ्या कामाला पोस्टग्रेस, मायएसक्यूएल असा भक्कम डेटाबेस लागतो, आणि माझ्या मते चालू पोर्टलवर जो असेल तोच टेबलावरही असावा. शेडनेटमध्ये एक वाण आणि शेतात दुसरे, असे करून उपयोग काय?

'कॉन्फिग्ज'च्या पोटात पुन्हा कप्पे, त्यांतले मुख्य पाच: कॉमन, लोकल, डेव्ह, यूएटी आणि प्रॉड. कॉमन सर्वांना लागू. बाकीचे चार म्हणजे आपल्या वरच्या चार जागा. प्रोग्राम चारही ठिकाणी एकच, पण डेटाबेसचा पत्ता, ईमेलचा पत्ता, संदेश पाठवण्याची सोय ही प्रत्येक कप्प्यात वेगळी. हे कंटाळवाणे वाटते, पण फार कामाचे आहे. टेबलावरच्या यंत्रात चुकून खऱ्या संदेशसेवेचा पत्ता राहिला, तर चाचणीसाठी दाबलेल्या एका बटणाने शेकडो पालकांच्या मोबाइलवर "आपला अर्ज नामंजूर" असे जाऊन पडेल. म्हणून 'लोकल' कप्प्यात संदेश बाहेर न जाता एका खोट्या पेटीत पडतील अशीच जुळणी हवी.

या सर्व फाइली गिटमध्ये ठेवतात. गिट हे लिनस टॉरवल्ड्स यांनी २००५ साली तयार केले. ज्यांना फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६, ठाऊक आहे त्यांना गिट वेगळे समजावून सांगायला नको. सातबारा आजची स्थिती दाखवतो. ती कोणी, केव्हा, कशामुळे बदलली हे फेरफारात सापडते. गिट प्रोग्रामचे फेरफार राखते, आणि नोंद चुकीची निघाली तर मागे जाता येते. 'बंडल्स' फोल्डर मात्र त्यात घालीत नाहीत, ते केव्हाही पुन्हा उतरवता येते. आणि पासवर्ड तर कधीच घालू नये. फेरफार पुसले जात नाहीत. एकदा नोंदलेला पासवर्ड नंतर खोडला तरी जुन्या पानावर राहतोच.

आता मराठीचे बोलू. बाहेरची पुस्तके याविषयी गप्प असतात, आणि आपली निम्मी डोकेदुखी येथेच असते. संगणकावर मराठीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या रीतीने तीन बाइट जागा घेते. इंग्रजीचे एक बाइट घेते. 'मुक्ताईनगर' हे नाव काना, उकार, पाय मोडल्याची खूण धरून दहा चिन्हांचे, म्हणजे तीस बाइटांचे. काही डेटाबेसांत रकान्याची रुंदी बाइटांत मोजतात. तेथे वीस लिहिले तर 'मुक्ता' एवढेच मावते आणि 'ई'ला जागा उरत नाही. 'शेतकऱ्यांसाठी' या शब्दातला 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण यंत्राला ते दोन शब्द वाटतात आणि शोध रिकामा येतो. गट नंबर कोणी '१२' लिहितो, कोणी इंग्रजी आकड्यांत. दोन्ही चालले पाहिजेत. म्हणून टेबलावरच्या डेटाबेसात पहिल्या दिवसापासून मराठी नावे भरावीत. इंग्रजी नावांवर चाचणी पास झालेले पोर्टल यावलमध्ये नापास होते.

घड्याळाचीही एक गंमत आहे. अशा यंत्रांचे घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर ठेवतात आणि दाखवताना भारतीय वेळ दाखवतात. आपण साडेपाच तास पुढे. मुलाची जन्मतारीख १ जून भरली (ही तारीख गुरुजींच्या चांगल्याच ओळखीची आहे) आणि प्रोग्रामरने ती 'मध्यरात्रीची वेळ' म्हणून साठवली, तर ग्रीनिचला तेव्हा ३१ मेची संध्याकाळ असते. दाखल्यावर ३१ मे छापून येते. प्रवेशाच्या वेळी त्या एका दिवसासाठी पालकाला किती दारे हिंडावी लागतील, हे शिक्षकांना सांगायला नको.

तालुक्यांची यादीही प्रोग्रामच्या आत कोरून ठेवू नये, वेगळ्या तक्त्यात ठेवावी. आपला खानदेश १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असा विभागला गेला. पुढे पूर्व खानदेशाचा जळगाव आणि पश्चिमेचा धुळे जिल्हा झाला, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार निघाला. एदलाबादचे मुक्ताईनगर झाले. आज जळगावात पंधरा आणि धुळ्यात चार तालुके धरतो. ते तसेच राहतील असे कोणी सांगावे? केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला क्रमांक दिलेला आहे. नाव बदलले तरी त्या क्रमांकावरून ओळख पटते, तोच वापरावा.

एका बाबतीत मात्र संस्थाचालकांनी कठोर व्हावे. चाचणीसाठी खऱ्या विद्यार्थ्यांची यादी, आधार क्रमांक, बँक खाती प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर देऊ नयेत. "खरी माहिती असली की काम लवकर होते," असे तो म्हणेल, आणि ते खोटेही नाही. पण तो लॅपटॉप रेल्वेत राहिला तर? व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. कायदा नसता तरी दुसऱ्याच्या लेकराची माहिती ही उसनी आणलेली वस्तू आहे. बनावट नावांच्या दोनशे नोंदी एका दिवसात तयार होतात. त्यांत जुळी भावंडे असावीत, वडिलांचे नाव नसलेले मूल असावे, एकाच गावात एकाच नावाचे दोघे असावेत.

जागा नीट मांडली आहे की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे. जळगावला १९९६ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शिरपूर-धुळ्याकडेही महाविद्यालये आहेत. तेथून नुकतीच बाहेर पडलेली एखादी मुलगी बोलवावी. तिला कोरे यंत्र आणि गटाने लिहिलेले मांडणीचे टिपण द्यावे आणि बाकीच्यांनी गप्प बसावे. संध्याकाळपर्यंत तिच्या पडद्यावर लोकलहोस्ट उघडून 'मुक्ताईनगर' पुरते दिसले, 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द शोधात सापडला आणि १ जून ही १ जूनच राहिली, तर पुढचा हप्ता द्यायला हरकत नाही. मध्ये तिला उठून काही विचारावे लागले, तर जे विचारले ते त्याच दिवशी टिपणात लिहून घ्यावे.