क्वाथ-संधानासाठी विद्युत्-यंत्रणा : एक व्यवहार्य विचार

अशोकारिष्टाचा भैषज्यरत्नावलीतील पाठ सर्व वैद्यांच्या परिचयाचा आहे. आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडियातील मानानुसार अशोकत्वक् ४.८ किलो, जल ४९.१५२ लिटर आणि चतुर्थांश अवशेष १२.२८८ लिटर. म्हणजे सुमारे ३७ लिटर पाणी वाफेच्या रूपाने घालवावयाचे. विजेवर चालणारी यंत्रणा उभारताना नेमका हाच आकडा दृष्टिआड होतो, असा आमचा अनुभव आहे.

लहान प्रमाणावर विद्युत्-यंत्रणा उभारण्याचे तंत्र सर्वांत अधिक विकसित केले ते पाश्चात्त्य देशांतील हौशी बीअर-निर्मात्यांनी. अमेरिकेत १९७८ च्या संघीय कायद्याने घरगुती वापरापुरती बीअर बनविण्यास मुभा मिळाली आणि पुढे हा छंद वाढीस लागला. त्यांची प्रचलित मांडणी तीन पात्रांची असते : एकात गरम पाणी, दुसऱ्यात भरडलेले अंकुरित सातू भिजत ठेवणे आणि तिसऱ्यात त्या रसाची उकळी. पात्राच्या बाजूस भोक पाडून हीटर बसवितात आणि तापमान-नियंत्रकाने तो चालू-बंद करतात. संधानकल्पनेशी या पद्धतीचे नाते उघड आहे. परंतु ती जशीच्या तशी उचलता येत नाही. बीअर-निर्माता तास-दीड तास उकळी देतो व त्यात थोडेच पाणी घटते. आपल्याला तीन चतुर्थांश पाणी घटवावयाचे असते.

हिशेब असा. ४९ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीस आणण्यास सुमारे ४.२ युनिट वीज लागते. उकळत्या पाण्यातील एक लिटर वाफ करण्यास मात्र सुमारे ०.६३ युनिट, म्हणजे ३७ लिटरसाठी जवळजवळ २३ युनिट. पात्रातून बाहेर जाणारी उष्णता धरता एका क्वाथास तीस युनिटांहून अधिक वीज लागते असे समजावे. खर्च प्रामुख्याने तापविण्याचा नसून आटविण्याचा आहे.

आमच्या चिकित्सालयात पहिल्या खेपेस आम्ही तापमान-नियंत्रक १०० अंशांवर लावला आणि रुग्ण तपासण्यास बसलो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. १०० हा आकडा कधी आलाच नाही. हीटर पूर्ण शक्तीने चालत राहिला, क्वाथाची पातळी त्याच्या खाली गेली आणि सालीचा भरड त्यावर करपला. तो सर्व क्वाथ टाकून द्यावा लागला. नियंत्रक ९६ अंशांवर लावला असता तर उकळीच टिकली नसती. उकळत्या द्रवाचे तापमान अग्नी मंद असो वा तीव्र, जवळपास तेच राहते. म्हणून शास्त्रकारांना अभिप्रेत असलेला मंदाग्नी तापमापकाने मोजता येत नाही. तो हीटरच्या शक्तीनेच ठरवावा लागतो.

यास्तव आम्ही नियंत्रक काढून २ किलोवॉटचे दोन हीटर बसविले, प्रत्येकास स्वतंत्र बटण. उकळी येईपर्यंत व निम्मे पाणी आटेपर्यंत दोन्ही चालू ठेवावेत; त्यानंतर एकच. पहिल्या टप्प्यास पाच-साडेपाच तास आणि दुसऱ्यास सुमारे चार-साडेचार तास लागतात. महागडी इलेक्ट्रॉनिक साधने यासाठी आवश्यक नाहीत.

पात्राची रचना विचारपूर्वक करावी. रुंद पसरट पातेले घेण्याची आपली सवय येथे अडचणीची ठरते, कारण शेवटी उरणारे १२ लिटर त्यात इतके उथळ राहतात की हीटर उघडा पडतो. उकळीच्या अवस्थेत किती वाफ होईल हे मुख्यतः दिलेल्या शक्तीवर अवलंबून असते, तोंडाच्या रुंदीवर नव्हे. ३५ सेंटिमीटर व्यासाच्या उभ्या पात्रात पूर्ण पाणी ५१ सेंटिमीटर आणि अवशेष सुमारे १३ सेंटिमीटर उंचीवर राहतो. हीटर तळापासून ४ सेंटिमीटरवर, त्याच्या वर ६ सेंटिमीटर उंचीचे पाय असलेली स्टीलच्या जाळीची टोपली आणि त्यात भरड. साल हीटरला टेकता कामा नये. अवशेषाची खूण पाणी मोजून आधीच करून ठेवावी आणि टोपली उचलून मगच पातळी पाहावी. अन्यथा सालीच्या आकारमानामुळे पातळी अधिक दिसते.

पात्र ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे असावे. लोखंडी पात्रात अशोकासारख्या कषायरसप्रधान द्रव्यांचा क्वाथ काळा पडतो. गीझरचे सुटे हीटर बाजारात स्वस्त मिळतात, परंतु त्यांचे आवरण बहुधा तांब्याचे असते. ते वापरू नयेत. आवरण स्टीलचेच मागावे आणि लांब, दुमडलेला हीटर निवडावा. त्याच्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला ८ वॉटहून कमी भार असल्यास क्वाथ करपण्याची भीती पुष्कळ कमी होते.

विजेच्या बाबतीत काटकसर नको. जुन्या वाड्यातील आमच्या पहिल्या जोडणीत अर्थिंगची तार केवळ नावाला होती. स्टीलच्या डावाने क्वाथ ढवळणाऱ्या साहाय्यकास हाताला झिणझिण्या आल्या. तो ओल्या फरशीवर उभा होता, पायात रबरी चपला होत्या, एवढ्यावरच निभावले. परवानाधारक वायरमनकडून प्रत्येक हीटरसाठी मुख्य फलकापासून स्वतंत्र २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची तार, १६ अँपिअरचे सॉकेट, पात्राच्या धातूला थेट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. आरसीसीबीचे चाचणी-बटण प्रत्येक क्वाथापूर्वी दाबून पाहावे. ढवळण्यापूर्वी हीटर बंद करावेत. मंजूर विद्युत्-भार अपुरा असेल तर तो आधी वाढवून घ्यावा.

वीज मध्येच गेली तर त्याच दिवशी पुढे चालू ठेवण्यास हरकत नाही. अर्धवट क्वाथ रात्रभर ठेवू नये, तो आंबतो.

गाळलेला क्वाथ लवकर थंड करण्याची बीअर-निर्मात्यांची पद्धत मात्र अवश्य घ्यावी. स्टीलच्या नळीचे वेटोळे स्वच्छ करून क्वाथात सोडावे व नळीतून थंड पाणी खेळवावे. कोमट झाल्यावर ९.६ किलो गूळ विरघळवून गाळावा, मग ७६८ ग्रॅम धायटीची फुले व प्रक्षेपद्रव्ये घालावीत. उष्ण क्वाथात धायटी घातल्यास तिच्यासोबत येणारे किण्व मरते आणि संधान सुरूच होत नाही.

काढून ठेवलेला तापमान-नियंत्रक येथे कामी येतो. हिवाळ्याच्या रात्री संधान मंदावते. पूर्वाचार्य पात्र धान्यराशीत वा भूमीत ठेवण्यास सांगतात ते याचसाठी. पात्राभोवती लहान शक्तीचा उष्ण पट्टा गुंडाळून नियंत्रक २८ अंशांवर लावावा. संवेदक पात्राच्या भिंतीस चिकटवून वरून कापड बांधावे. पात्राचे तोंड हवाबंद करून वायू कोंडू नये. जळती काडी तोंडाशी नेल्यास विझते तोवर संधान चालू आहे, ही जुनी परीक्षा आम्ही आजही करतो. नियंत्रकाच्या पडद्यावर ती दिसत नाही.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील कलम ३३-ईईसी मधील सूट वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी बनविलेल्या औषधापुरती आहे. विक्रीसाठी निर्मिती करणाऱ्या औषधशाळांना परवाना व शेड्यूल टी ची बंधने लागू आहेत. त्यांनी ही जोडणी करण्यापूर्वी तिचा आराखडा औषध निरीक्षकांना दाखवावा.