दुखणं थांबलं, तरी हाड तेच

"उसण भरली असेल, दोन दिवसांत उतरेल." वाशीम जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात साठी ओलांडलेल्या बाईची पाठ एकाएकी धरली, की घरात पहिलं वाक्य बहुधा हेच येतं. निमित्तही किरकोळ असतं. पाण्याचा गुंड उचलला, एसटीच्या मागच्या सीटवर दणका बसला. मग पाठ शेकली जाते, तेल चोळलं जातं. पण उठता-बसता जीवघेणी कळ येत असेल, आडवं झाल्यावरच बरं वाटत असेल आणि दिवसेंदिवस पाठीला बाक येत असेल, तर ती उसण नसून दबलेला मणका असू शकतो.

मणक्याचं हाड भरीव नसतं. पातळ कवचाच्या आत हाडाच्या उभ्या-आडव्या काड्यांची जाळी असते. कुडाच्या भिंतीत उभ्या तुराट्या आडव्या काड्यांनी बांधून धरतात, तशीच. पाळी गेल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन घटतं, हाड भरून येण्यापेक्षा झिजतं जास्त, आणि जाळीतल्या आडव्या काड्या आधी जातात. आधार सुटलेल्या उभ्या काड्या मग थोड्या भारानेही वाकतात. वाकून काम करताना भार मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो. ती कड चेपते आणि मणका पाचरीसारखा होतो.

असे बरेच मणके औषधं, पट्टा आणि काही आठवड्यांच्या सांभाळाने जुळून येतात. वेदना आटोक्यात येत नसेल आणि एमआरआयमध्ये मोड ताजी दिसत असेल, तर व्हर्टिब्रोप्लास्टीचा विचार होतो. फ्रान्समधल्या आमियाँ शहरात १९८४ साली गालिबेर आणि देरामाँ या डॉक्टरांनी ती प्रथम केली. रुग्णाला पालथं झोपवून, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत, दोन-तीन मिलिमीटर जाडीची सुई मणक्यात नेतात आणि काही मिलिलिटर हाडांचं सिमेंट आत सोडतात. ते थोड्याच मिनिटांत घट्ट होतं. कायफोप्लास्टीत आधी छोटा फुगा फुगवून जागा केली जाते.

या उपचारावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही, हेही वाचकांना ठाऊक हवं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत निम्म्या रुग्णांच्या मणक्यात सिमेंट भरलंच नव्हतं, खोलीत फक्त त्याचा वास होता. तरी दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. २०१६ च्या एका चाचणीत मात्र सहा आठवड्यांच्या आतली मोड आणि तीव्र वेदना असलेल्या रुग्णांना फायदा दिसला. म्हणून कोणाला आणि केव्हा, हा निर्णय तज्ज्ञाने नीट तपासूनच घ्यायचा.

उपचारानंतर तास-दोन तास उताणं झोपावं लागतं आणि बहुतेकांना त्याच दिवशी चालवतात. अकोला-नागपूरहून गावी परतताना पुढच्या सीटवर बसावं, वाटेत थांबून चार पावलं चालावं. घरी झोळ पडलेली बाज नको, तख्तपोस बरा. उठताना आधी कुशीवर वळून मग हाताच्या आधाराने बसावं. अंगणात रोज थोडं थोडं चालणं वाढवावं, अंथरूण धरून राहू नये, कारण पडून राहिलं की हाड आणखी झिजतं. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, ताप, धाप किंवा सुईच्या जागी पू, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच क्षणी दवाखाना गाठावा.

खरा धोका दुखणं थांबल्यावर सुरू होतो. आराम पडला की बाई सोयाबीनच्या निंदणाला बसते, पुढे सोंगणीला वाकते. सिमेंटने एकच मणका सावरलेला असतो, बाकीच्या मणक्यांतली जाळी तितकीच विरळ असते. २००१ मधल्या एका अभ्यासात, मणका मोडलेल्या दर पाच स्त्रियांपैकी सुमारे एकीचा दुसरा मणका वर्षभरात मोडल्याचं आढळलं. वाकण्याचा परिणाम १९८४ च्या अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात दिसला होता. हाडं ठिसूळ झालेल्या स्त्रियांपैकी पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या ८९ टक्के जणींचे मणके पुढे दबले. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होतं.

म्हणून घरातल्यांनी कामं वाटून घ्यायला हवीत. पंधरा लिटर पाण्याचा गुंड म्हणजे पंधरा किलोचा भार, तो तिने उचलायचा नाही. धुणं, केर, निंदण दुसऱ्या कोणी करावं. पाठ ताणण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत. दूध, दही, तीळ, शेवग्याचा पाला ताटात असावा. पण केवळ आहाराने ही जाळी पूर्ववत होत नाही. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वासोबत हाडांची झीज रोखणारं औषध लागतं. कुठलं आठवड्याच्या गोळीचं असतं, कुठलं वर्षातून एकदा सलाईनमधून देतात.

सुट्टी मिळताना बिल, गोळ्या, टाके यांविषयी आपण सगळं विचारतो. त्यात दोन प्रश्न जरूर घाला: हाड इतकं ठिसूळ का झालं, आणि पुढचा मणका मोडू नये म्हणून काय देताय? त्याची उत्तरं कागदावर लिहून घेतल्याशिवाय आईला गाडीत बसवू नका.