वाढत्या अंगाचं माप

भावजी वळ गावच्या गोदामात कामाला आहेत. खोक्यांची लांबी-रुंदी-उंची मोजण्यात त्यांचा दिवस जातो. त्यामुळे गुलमर्गला भाड्याने स्की घ्यायला आम्ही दुकानात शिरलो, तेव्हा मोजमाप आपल्याकडेच, असं ते धरूनच चालले. भिंतीला टेकवलेल्या जोड्यांतून त्यांनी स्वतःच्या डोक्याएवढी एक काढली आणि आठ वर्षांच्या भाच्यासाठी कपाळाला लागणारी दुसरी.

दुकानदाराने दोन्ही परत ठेवल्या. त्याने आधी वजन विचारलं, मग पूर्वी कधी केलंय का ते. उंची सगळ्यात शेवटी. स्की वाकते ती अंगावरच्या भाराने. भार कमी पडला तर लांब स्की वाकत नाही, वळत नाही, सरळ सुटते. शिवाय नवखा माणूस टोकं जवळ आणि टाचा लांब अशी पाचर करून वेग आवरतो. त्यात लांब टोकं एकमेकांवर चढतात. 170 सेंटिमीटर उंचीच्या भावजींना हनुवटी आणि नाकाच्या मधे येणारी 155ची जोडी मिळाली. सव्वाशे सेंटिमीटरच्या, 25 किलोच्या भाच्याला छातीपर्यंतची, 100ची. सराईत लोक डोक्याएवढीही घेतात आणि भुसभुशीत बर्फासाठी जास्त रुंद. हात वर करून मनगटापर्यंत मोजायची जुनी रीत 1990च्या दशकात मागे पडली, कमरेत बारीक, आखूड स्की आल्या तेव्हा.

ताईचा जीव बुटात अडकलेला. "एक नंबर मोठा घेऊ, जाड मोजे घालू." गणवेशापासून सायकलीपर्यंत आपल्याकडे सगळं वाढत्या अंगाचं. इथे पाऊल जितके सेंटिमीटर, तितकाच बुटाचा नंबर. दुकानदाराने बुटाच्या आतला मऊ भाग उपसून काढला, रिकाम्या कवचात भाच्याचा पाय सरकवला, बोटं पुढे टेकवायला लावली आणि टाचेमागे स्वतःचं बोट घालून पाहिलं. एका बोटाची जागा पुरे. जास्त राहिली की टाच उचलली जाते, मग पाय वळवला तरी स्की वळत नाही. मोजाही एकच, तोही पातळ.

"बोटं लागतात," भाचा कुरकुरला. गुडघे वाकवायला सांगितल्यावर टाच मागे बसली आणि बोटं मोकळी झाली.

खरी गंमत बूट स्कीला अडकवणाऱ्या बाइंडिंगची. पडल्यावर बूट स्कीतून सुटायला हवा, आणि तो किती जोराने सुटायचा हे स्क्रू फिरवून ठरवतात. वजन, उंची, वय, कसब आणि बुटाच्या तळाची लांबी पाहून हा आकडा लावतात. भावजींनी वजन बहात्तर सांगितलं. ताई मागून म्हणाली, "अठ्ठ्याहत्तर." लाजून वजन कमी सांगितलं तर बूट भलत्या वेळी सुटतो. "मला सगळं येतं" म्हणून बढाई मारली तर सुटायच्या वेळी सुटत नाही, आणि गुडघा जातो. भावजींनी अठ्ठ्याहत्तर कबूल केले.

मुलासाठी हे सगळं विकत घ्यायच्या फंदात मात्र पडू नये. पुढच्या हिवाळ्यापर्यंत त्याचं पाऊलही वाढलेलं असतं आणि वजनही.