धंद्यासाठी छोटी कार घ्यावी का? आधी किलोमीटर मोजा, मग हप्ता ठरवा



"मॅडम, धंदा आता बरा चाललाय. एक छोटी गाडी घेऊ का?" हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यावरचा सेसही गेला, आणि तेव्हापासून हा प्रश्न जास्तच वाढलाय. अल्टो के१०, वॅगनआर, टियागो, क्विड या गाड्या पूर्वीपेक्षा आवाक्यात आल्या आहेत, हे खरंच आहे.

पण "परवडते का?" आणि "धंद्याला फायद्याची आहे का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शोरूमवाला पहिल्याचं उत्तर देतो. दुसऱ्याचं उत्तर तुम्हालाच काढावं लागतं. व्हिडिओत मी आकडे भराभर सांगितले होते, इथे सावकाश मांडते. वही-पेन घेऊन बसा.

आधी ठरवा: गाडी कोणासाठी?

आपल्याकडे गाडी घेताना दोन कारणं एकमेकांत मिसळतात. आईला दवाखान्यात न्यायला, लग्नकार्याला, पावसाळ्यात मुलांना शाळेत सोडायला गाडी हवी असते. आणि सांगताना आपण म्हणतो, "धंद्यासाठी लागतेच की!"

घरासाठी गाडी हवी असणं यात काहीही गैर नाही. पण ती घरखर्चातली गाडी आहे, तिचा हप्ता तुमच्या घरच्या उत्पन्नातून गेला पाहिजे. तो दुकानाच्या गल्ल्यातून जायला लागला, की महिनाअखेरीस माल भरायला पैसे कमी पडतात आणि आपण म्हणतो, "मार्केट डाउन आहे." मार्केट जागेवरच असतं, पैसे गाडीत गेलेले असतात.

म्हणून वहीत दोन रकाने करा: घर आणि धंदा. महिन्याचे किती किलोमीटर कुठल्या रकान्यात जातात ते प्रामाणिकपणे लिहा.

गाडीचा खरा खर्च किती?

बहुतेक जण फक्त हप्ता बघतात. आपण एक उदाहरण घेऊ. आकडे समजायला सोपे धरलेत, तुमच्या कोटेशनप्रमाणे बदला.

ऑन-रोड किंमत ५,५०,००० रुपये. डाउन पेमेंट १,५०,०००. कर्ज ४,००,०००, व्याज ९.५ टक्के, मुदत ५ वर्षं. हप्ता बसतो साधारण ८,४००. पाच वर्षांत बँकेला जातात ५,०४,०००, म्हणजे व्याजच १,०४,०००.

तेच कर्ज ७ वर्षांचं केलं तर हप्ता ६,५४० च्या आसपास येतो. ऐकायला छान वाटतं. पण व्याज जवळजवळ १,४९,००० होतं. हप्ता कमी झाला म्हणजे गाडी स्वस्त झाली असं नाही.

आता पाच वर्षांनी गाडी २,५०,००० ला विकली असं धरू. म्हणजे किमतीत घट ३,००,००० आणि व्याज १,०४,०००. एकूण ४,०४,००० भागिले ६० महिने. महिन्याचा हिशोब असा:

- घट आणि व्याज: सुमारे ६,७५०
- विमा: १,०००
- सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी: १,२५०
- पार्किंग, टोल, किरकोळ: ५००

झाले ९,५००. हा खर्च गाडी दारात नुसती उभी राहिली तरी थोड्याफार फरकाने होतोच. त्यावर पेट्रोल. जाहिरातीत लिटरला २४ किलोमीटर लिहिलेलं असतं, पण गावातलं ट्रॅफिक, एसी आणि ओझं धरून आपण १७.५ धरू. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर किलोमीटरला ६ रुपये.

आता गंमत बघा:

- महिन्याला ३०० किमी: एकूण ११,३००, म्हणजे किलोमीटरला सुमारे ३८ रुपये
- ८०० किमी: एकूण १४,३००, म्हणजे सुमारे १८ रुपये
- १,५०० किमी: एकूण १८,५००, म्हणजे सुमारे १२ रुपये

गाडी तीच, मालक तोच. जितकी कमी फिरेल तितका तिचा प्रत्येक किलोमीटर महाग.

यावरून एक सोपं सूत्र निघतं. तुमच्या गावात भाड्याची गाडी किलोमीटरला किती घेते ते विचारा. समजा १५ रुपये. त्यातून पेट्रोलचे ६ वजा करा, उरले ९. आता ९,५०० भागिले ९, म्हणजे साधारण १,०५० किलोमीटर. धंद्याचं फिरणं महिन्याला याच्या खाली असेल तर भाड्याची गाडी स्वस्त पडते. आणि त्यात ड्रायव्हरही येतो, तुम्ही मागे बसून ऑर्डरचे फोन करू शकता.

आता गल्ल्याचा हिशोब

समजा कराडमध्ये एक ताई मसाले आणि चटण्या करतात. महिन्याची विक्री २ लाख. कच्चा माल, पॅकिंग, मजुरी जाऊन २० टक्के उरतात, म्हणजे ४०,०००. माल शेअर टेम्पोने आणि एसटी पार्सलने साताऱ्याला, पाटणला जातो. महिन्यातून दोनदा भाड्याच्या गाडीने त्या दुकानदारांना भेटून येतात. सगळा मिळून खर्च ३,५००.

त्यांनी गाडी घेतली आणि ८०० किमी फिरवली, तर खर्च १४,३००. जुने सगळे ३,५०० वाचले असं धरलं तरी जादा खर्च १०,८००. हे भरून काढायला २० टक्के मार्जिनवर ५४,००० ची जादा विक्री लागेल. म्हणजे दर महिन्याला २ लाखांचे २ लाख ५४ हजार, तेही फक्त बरोबरीला यायला. फायदा त्याच्या पुढे.

प्रश्न सरळ आहे: गाडी आली म्हणून कोणती नवीन १५-२० दुकानं जोडली जाणार? त्यांची नावं आज लिहिता येतात का? लिहिता येत असतील तर पुढे बोलू.

दुसरी गोष्ट डाउन पेमेंटची. उन्हाळ्याच्या तोंडावर ब्याडगी, संकेश्वरी मिरची बाजारात येते, तेव्हाच वर्षाचा माल भरायचा असतो. नेमके दीड लाख गाडीत अडकले तर मिरची उधारीवर घ्यावी लागते, आणि उधारीवर घेताना भाव व्यापारी ठरवतो, आपण नाही. गाडीचा हा खर्च कोटेशनमध्ये लिहिलेला नसतो. ज्यांचा धंदा सीझनचा आहे, दिवाळीचा फराळ, शाळेची स्टेशनरी, राख्या, त्यांनी हा मुद्दा दोनदा वाचा.

आणि खिशातून जाणारी रोकड वेगळी मोजा: हप्ता ८,४००, वरचे २,७५०, पेट्रोल ४,८००, म्हणजे १५,९५०. मंदीच्या महिन्यातही हप्ता थांबत नाही. म्हणून निदान सहा हप्ते बाजूला असल्याशिवाय सही करू नका.

कागदावरच्या तीन गोष्टी

१. विमा. आपल्याकडे खाजगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या अटी लिहिलेल्या असतात. नमुने आणि वैयक्तिक सामान सोडून मालाची वाहतूक त्यात बसत नाही. भाड्याने वापरणं तर नाहीच. म्हणजे सॅम्पल घेऊन दुकानदारांकडे जाणं ठीक, पण मागची सीट पाडून रोज २० खोकी भरून नेलीत आणि अपघात झाला, तर क्लेम अडकू शकतो. रोजचा माल न्यायचा असेल तर कार हे उत्तरच नाही. छोटी मालवाहू गाडी बघा. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही, आणि नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे साधं एलएमव्ही लायसन्स चालतं. मात्र फिटनेस वेळच्या वेळी करून घ्यावं लागतं.

२. जीएसटी. "गाडी धंद्याच्या नावावर घे, जीएसटी परत मिळतो" हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. ड्रायव्हरसह १३ सीटपर्यंतच्या प्रवासी गाडीवर तुमच्या-माझ्यासारख्या दुकानदाराला इनपुट क्रेडिट मिळत नाही. टॅक्सी, ड्रायव्हिंग स्कूल, गाड्यांची विक्री असे मोजके धंदे सोडून. त्या गाडीच्या दुरुस्तीवर आणि विम्यावरही नाही. मालवाहू गाडीवर मात्र मिळतं. मूळ किंमत ५ लाख असेल तर १८ टक्क्यांनी ९०,००० रुपये, छोटी रक्कम नाही. पण तुम्ही कंपोझिशनमध्ये असाल तर तेही नाही. आणि महाराष्ट्रात १० लाखांच्या आतल्या पेट्रोल कारला व्यक्तीच्या नावावर ११ टक्के रोड टॅक्स आहे, कंपनीच्या नावावर २० टक्के. नाव टाकण्याआधी सीएंना विचारा.

३. इन्कम टॅक्स. कारवर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो. आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्याच्या निम्मा. घरचा वापर असेल तितका भाग वजा होतो. आणि तुम्ही विक्रीच्या ८ किंवा ६ टक्के नफा दाखवून रिटर्न भरत असाल, तर घसारा त्यातच धरलेला असतो, वेगळा काही मिळत नाही. "टॅक्स वाचतो" हे गाडी घ्यायचं कारण होऊ शकत नाही.

मग घ्यावी कधी?

माझ्या मते चारपैकी तीन गोष्टी जुळल्या तर जरूर घ्या:

- धंद्याचं फिरणं सूत्रातल्या आकड्याच्या वर आहे, आणि ते सलग तीन महिने तसंच आहे.
- गाडी नसल्यामुळे ठरावीक काम हातातून जातंय, आणि ते काम तुम्ही नावानिशी सांगू शकता. उदाहरणार्थ, साइटवर जाऊन मोजमाप घेणारे इंटिरिअरवाले, गावोगावी मेकअपला जाणाऱ्या ब्युटिशियन.
- डाउन पेमेंट दिल्यावरही पुढच्या सीझनचा माल रोखीने भरता येतो.
- घरच्या वापराचा वाटा घरातून भरायची तयारी आहे.

दोनच जुळत असतील तर तीन-चार वर्षं जुनी गाडी बघा. पहिल्या वर्षांतली मोठी घट पहिल्या मालकाने सोसलेली असते. फक्त जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज जास्त लागतं, आणि आरसीवर बँकेचा बोजा उतरलाय का हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

एकच जुळत असेल तर दुचाकी, शेअर टेम्पो आणि गरजेला भाड्याची गाडी. यात कमीपणा काही नाही. ग्राहकाला माल वेळेवर हवा असतो, तो कशातून आला हे तो बघत नाही.

या महिन्याचा गृहपाठ

उद्यापासून ३० दिवस एक छोटी वही खिशात ठेवा. प्रत्येक फेरीला चार गोष्टी लिहा: कुठे गेलो, किती किलोमीटर, किती खर्च, आणि त्या फेरीतून किती रुपयांची ऑर्डर आली. शेवटचा रकाना रिकामा ठेवू नका, शून्य असेल तर शून्य लिहा.

तीस दिवसांनी बेरीज करा आणि मग शोरूममध्ये जा. सेल्समन त्याचे आकडे सांगेल तेव्हा तुमच्याकडेही तुमचे असतील.