ऊर्ध्वपातनाची साधने आणि शब्दांची साक्ष

द्रव तापवून त्याची वाफ करणे व ती थंड करून पुन्हा द्रवरूपात गोळा करणे, या क्रियेस आपण ऊर्ध्वपातन म्हणतो. तीस तापविण्याचे पात्र, वाफ थिजविण्याची सोय आणि संग्राहक पात्र ही तीन अंगे आवश्यक असतात. या साधनांचा इतिहास लिहिताना शब्दांची साक्ष वारंवार काढली जाते. ती कितपत ग्राह्य मानावी, याचा येथे थोडक्यात विचार करावयाचा आहे.

नामकरणाची तीन तत्त्वे स्पष्ट दिसतात. पहिले पात्राचे. ग्रीक ‘अंबिक्स’ म्हणजे पेला. किमयाकारांनी हे नाव यंत्राच्या टोपणास दिले. इ. स. ३०० च्या सुमारास झोसिमोसने तीन नळ्यांच्या यंत्राचे वर्णन करून त्याचे श्रेय मारिया नामक स्त्रीस दिले आहे. हाच शब्द अरबी उपपद लागून ‘अल्-अंबीक’ झाला व युरोपात ‘अलेंबिक’ या रूपाने संपूर्ण यंत्राचा वाचक ठरला. दुसरे तत्त्व थेंबाचे. लॅटिन ‘डिस्टिलारे’ म्हणजे थेंब थेंब खाली पडणे. अरबी ‘अरक’ म्हणजे घाम. तिसरे तत्त्व गतीचे, आणि ते आपल्या रसशास्त्रातील होय. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात पाऱ्याच्या शुद्धीसाठी पातनाचे ऊर्ध्व, अधः व तिर्यक् असे भेद सांगितले आहेत. त्यांपैकी तिर्यक्‌पातन यंत्रात एका घटाची तिरपी नळी दुसऱ्या घटात उतरते. म्हणजे प्रयोगशाळेतील आजच्या मांडणीशी त्याचेच साम्य अधिक. तरीही आधुनिक परिभाषेने ‘ऊर्ध्वपातन’ हीच संज्ञा स्वीकारली. संज्ञेवरून यंत्राची आकृती ठरवू पाहणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे.

‘अरक’ शब्दाचा प्रवास विशेष उद्बोधक आहे. तो फारसीच्या द्वारे मराठीत आला व ‘अर्क’ झाला. सूर्य व रुई या अर्थांचा संस्कृत ‘अर्क’ आधीच रूढ असल्याने तो परका वाटेनासा झाला. गोव्यात तोच शब्द पोर्तुगीजांच्या वापरातील ‘उर्राका’सारख्या रूपांशी जुळणारा ‘उर्राक’ म्हणून नांदतो. काजूच्या आंबलेल्या रसाचे पहिले ऊर्ध्वपातन म्हणजे उर्राक; त्यापुढील तीव्र द्रव ती फेणी. दोन वाटांनी आलेला एकच शब्द आज औषधी सत्त्व आणि मद्य अशा दोन भिन्न पदार्थांचा वाचक आहे.

आता मर्यादा पाहू. मराठीत दारू ‘गाळतात’ आणि पाणीही ‘गाळतात’. म्हणून जुन्या लेखात ‘गाळणे’ आढळल्यास त्यावरून ऊर्ध्वपातन सिद्ध होत नाही. ‘सुरा’ शब्दही केवळ आंबविलेल्या पेयास लागू पडतो. ‘शुण्डा’ शब्दाचे सोंड व मद्य हे दोन्ही अर्थ आहेत; त्यावरून सोंडेसारख्या नळीचे यंत्र प्राचीन काळी होते, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. तो आकर्षक असला तरी त्यास भांड्यांचा आधार हवा. चारसद्द्याजवळील शैखान ढेरी येथील मृत्पात्रांच्या आधारे ऑल्चिन यांनी १९७९ साली भारत हे ऊर्ध्वपातनाचे प्राचीन माहेर असावे काय, असा प्रश्न मांडला. त्यांचा मुख्य भार भांड्यांवर होता, हे महत्त्वाचे.

तात्पर्य, शब्द वस्तूच्या व्यापाराचा व संपर्काचा मार्ग दाखवितो. शोधाचे जन्मस्थान तो एकटा सांगू शकत नाही. काजूच्या फेणीस २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, त्यामुळे पेयाचे नाव सुरक्षित झाले. भट्टीवरील मडकी, नळ्या व क्रिया यांची नावे मात्र साधने बदलताच मागे पडतात. ती वस्तूच्या आकृतीसह व मापासह नोंदविणे, हे भाषाभ्यासकाचे तातडीचे कर्तव्य होय.